'खाजगी' शाळा कोणाच्या मालकीची? न्यू इंग्लिश स्कूलची पहिली दहा वर्षं

श्रोतेहो, आज आपण पुण्यातल्या एका शाळेविषयी बोलणार आहोत. न्यू इंग्लिश स्कूल. ती जानेवारी 1880 मध्ये सुरू झाली. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर, नामजोशी, वामन शिवराम आपटे ही नावं आपल्याला शाळेपासून पाठ आहेत. पण आज आपल्याला थोरांची चरित्रं सांगायची नाहीत. आपल्यापुढचा प्रश्न साधा आहे. ही शाळा 'खाजगी' होती, असं आपण म्हणतो. म्हणजे ती नेमकी कोणाची होती?

आधी शब्दाकडे पाहू. 'खासगी' किंवा 'खाजगी' हा शब्द आपल्याकडे कारभारातून रुळला. होळकरांच्या राज्यात 'दौलत' वेगळी आणि 'खासगी' वेगळी असे. दौलत म्हणजे राज्याचं उत्पन्न, आणि खासगी म्हणजे घराण्याचं स्वतःचं. तेव्हा खाजगी म्हटलं की कोणीतरी मालक आहे, हे शब्दातच गृहीत धरलेलं असतं. आता गंमत बघा. न्यू इंग्लिश स्कूल सरकारी नव्हती, मिशनऱ्यांचीही नव्हती. पण तिला मालकही नव्हता.

हे कसं घडलं? 1854 च्या वुड यांच्या खलित्यानं सरकारी शाळांबरोबरच लोकांनी चालवलेल्या शाळांना अनुदान देण्याचं धोरण आखलं. बिनसरकारी शाळा त्याआधीही पुण्यात होत्याच. 1848 साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी भिडेवाड्यात काढलेली मुलींची शाळा सरकारी कुठे होती? चिपळूणकर मात्र सरकारी हायस्कुलातले शिक्षक. 1874 पासून ते 'निबंधमाला' लिहीत होते. पुढे त्यांची बदली रत्नागिरीला झाली आणि 1879 मध्ये त्यांनी नोकरी सोडली. त्याच सुमारास डेक्कन कॉलेजात टिळक आणि आगरकर शिक्षणाचा स्वतंत्र उद्योग करण्याचा विचार करत होते. सरकारी नोकरी करायची नाही, हा तरुणांचा निश्चय आणि शास्त्रीबुवांचा अनुभव एकत्र आला, आणि शाळा उभी राहिली. आगरकर एम. ए. झाल्यावर येऊन मिळाले. सुरुवातीला तर चिपळूणकर आणि टिळकांनी पगारही घेतला नाही.

शाळा चालली ती वर्गात. आपटे शाळेचे सुपरिंटेंडेंट होते आणि संस्कृतचे कसलेले शिक्षक. मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला संस्कृतसाठी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती असे. ती पहिल्या काही वर्षांतच या शाळेच्या विद्यार्थ्यांनी पटकावली. शाळेतल्या शिक्षकांची पुस्तकं पाहा. आपट्यांचे कोश आणि संस्कृत रचनेचं पुस्तक, आगरकरांची 'वाक्यमीमांसा', पुढे शिक्षक म्हणून आलेल्या गोखल्यांचं अंकगणित. फळ्यासमोर उभं राहिल्यावर मुलं कुठे अडतात हे ज्यांना रोज दिसत होतं, त्यांनी लिहिलेली ही पुस्तकं आहेत.

स्वातंत्र्याची खरी परीक्षा 1882 मध्ये झाली. 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रं याच मंडळींनी 1881 मध्ये सुरू केली होती. कोल्हापूरच्या कारभाऱ्यांवरच्या लेखनामुळे टिळक आणि आगरकर यांना अब्रुनुकसानीच्या खटल्यात शिक्षा झाली, आणि डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले. मार्चमध्येच चिपळूणकर वारले होते. विचार करा, शाळा दोन वर्षांची, एक संस्थापक गेलेला, दोन शिक्षक तुरुंगात. सरकारी शाळेत त्या दोघांची नोकरी राहिली असती का? इथे ते सुटून आले आणि पुन्हा वर्गावर गेले.

आणि त्याच 1882 मध्ये हंटर यांचा शिक्षण आयोग आला. त्यानं या शाळेचं कौतुक केलं. पण त्याच आयोगापुढे जोतीराव फुल्यांनीही निवेदन दिलं. त्यांचं म्हणणं काय होतं? सरकारच्या तिजोरीत पैसा येतो तो मुख्यतः रयतेच्या घामातून, आणि शिक्षणावर तो खर्च होतो वरच्या वर्गांसाठी. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. ही दोन्ही चित्रं आपण शेजारीशेजारी ठेवली पाहिजेत. मालक नसलेल्या शाळेलाही दार असतं, आणि त्या दारातून कोण आत येतं हा प्रश्न उरतोच. या शाळेत येणारी मुलं बहुतेक ब्राह्मण घरांतली होती.

आणि मुली? आपल्या भाषेत 'कन्याशाळा' असा वेगळा शब्द आहे. मुलांच्या शाळेला मात्र नुसतं 'शाळा' म्हटलं की भागायचं. वगळणं इतकं अंगवळणी पडलेलं होतं की त्याला शब्दही लागत नव्हता. 1884 मध्ये रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलींचं हायस्कूल काढलं, तीच आपली हुजूरपागा. तिथल्या अभ्यासक्रमावर टिळकांच्या पत्रांनी टीका केली, तर आगरकर मुलींच्या शिक्षणाच्या बाजूनं उभे राहिले. एकाच शाळेतले दोन शिक्षक, दोन टोकांची मतं.

आता आपण मूळ प्रश्नाकडे येऊ. 1884 च्या ऑक्टोबरात डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि 1885 च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं. सोसायटीची रचना लक्षात घ्या. शिकवणारे शिक्षकच संस्थेचे आजीव सदस्य. त्यांनी वीस वर्षं सेवा करायची, वेतन बेताचं घ्यायचं, आणि कारभारही त्यांनीच पाहायचा. नफा वाटून घ्यायला भागीदार नाहीत. संस्था मुलाबाळांच्या नावावर करून ठेवता येत नाही.

पण त्याग नियमात बसवला की एक अडचण उभी राहते. नियम किती सांगणार? आजीव सदस्यानं फावल्या वेळात पुस्तक लिहून पैसे मिळवले, तर ते पैसे कोणाचे? त्यानं बाहेरच्या सार्वजनिक कामाची जबाबदारी घेतली तर चालेल का? टिळकांचं मत होतं की सदस्याचा सगळा वेळ आणि सगळी शक्ती संस्थेची. बहुतेक सहकाऱ्यांना हे अती वाटत होतं. घर चालवायचं असतं, आणि माणसाला संस्थेबाहेरही आयुष्य असतं. 1890 मध्ये गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं तेव्हा वाद विकोपाला गेला, आणि वर्षअखेरीस टिळकांनी भलंमोठं राजीनामापत्र देऊन संस्था सोडली.

यात कोण बरोबर, हा वाद पुणेकर अजूनही घालतात. आम्हाला तत्त्वज्ञानाच्या दृष्टीनं त्यात दुसरंच काही दिसतं. जिथे मालक असतो तिथे असा वाद होतच नाही. मालक सांगतो, बाकीचे ऐकतात. जिथे मालक नाही, तिथे 'आपण एकमेकांचं काय देणं लागतो' हे पुन्हा पुन्हा ठरवावं लागतं. त्यात मनं दुखावतात, मैत्र्या तुटतात. मालकी नाकारायची तर ही किंमत मोजावी लागते.

संस्था मात्र टिकली. टिळक गेल्यानं गणिताची जागा रिकामी झाली, तिथे 1891 मध्ये धोंडो केशव कर्वे आले. त्याच कर्व्यांनी 1896 मध्ये विधवांसाठी आश्रम काढला आणि 1916 मध्ये महिला विद्यापीठ. आजन्म सेवकांची पद्धत त्यांनी आपल्या संस्थेतही आणली. 1919 मध्ये भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापली, तिथेही आजीव सेवक आले, आणि त्या शाळा बहुजनांच्या मुलांसाठी गावोगाव गेल्या. म्हणजे शिक्षकांनी चालवलेली, मालक नसलेली शाळा ही कल्पना ज्यांच्यासाठी पहिलं दार उघडं नव्हतं, त्यांच्यापर्यंतही पोहोचली.

आज आपण नातवंडांसाठी 'चांगली खाजगी शाळा' शोधतो तेव्हा इमारत पाहतो, फी विचारतो, निकाल पाहतो. ते पाहावंच. पण आणखी तीन गोष्टी विचारायला हरकत नाही. इथे निर्णय कोण घेतं, आणि त्यात शिकवणाऱ्यांचं स्थान काय? वर्षाअखेर उरलेला पैसा कुठे जातो? आणि दारातून आत कोण येऊ शकत नाही? पहिल्या दोन प्रश्नांना न्यू इंग्लिश स्कूलपाशी स्वच्छ उत्तर होतं. तिसऱ्याचं उत्तर फुल्यांनी मागितलं होतं, आणि ते अजून पुरतं दिलेलं नाही.

आता आपल्या शंका असतील तर जरूर विचाराव्यात.