सर्वांसाठी शहर (भाग सहावा) : एकास बारा

आईच्या खुब्याचं हाड मोडलं तेव्हा ती ७२ वर्षांची होती. शस्त्रक्रियेनंतर दर पंधरा दिवसांनी तिला तपासणीसाठी न्यावं लागे. रुग्णालयाच्या दारात तीन पायऱ्या होत्या आणि त्यांच्या बाजूला रॅम्प. तो पाहून मला हायसं वाटलं होतं. चाकाची खुर्ची वर ढकलायला लागले तेव्हा कळलं, की हा रॅम्प चढता येत नाही. अर्ध्यावर पोचल्यावर माझे पाय त्या गुळगुळीत ग्रॅनाइटवरून मागे सरकू लागले. आईनं दोन्ही हातांनी चाकं गच्च धरली. चौकीदार धावत आला म्हणून आम्ही वर गेलो. परत निघताना तोच म्हणाला, "बाई, उतरताना खुर्ची उलटी घ्या. सीधी नेली तं आजी समोर पडतीन." त्याला हे ठाऊक होतं, म्हणजे तिथे हे रोजच घडत असणार.

पुढच्या खेपेला मी पर्समध्ये मोजपट्टी घेऊन गेले. तीन पायऱ्यांची मिळून उंची ४५ सेंटिमीटर भरली. रॅम्पची जमिनीवरची लांबी होती १६० सेंटिमीटर. म्हणजे साधारण साडेतीन हात पुढे जाताना एक हात वर. नियम सांगतो, बारा हात पुढे गेल्यावर एक हात वर. बांधकामाच्या भाषेत याला 'एकास बारा' म्हणतात. ४५ सेंटिमीटर चढायला ५४० सेंटिमीटर लांबी लागते, जवळजवळ अठरा फूट. तिथे जेमतेम सव्वापाच फूट होती.

मागच्या भागात आपण पदपथ पाहिले. आज इमारतीच्या दाराशी थांबू, आणि ज्यांचं कामच हा उतार मोजणं आहे त्या माणसांची ओळख करून घेऊ. त्यांना सुगम्यता सल्लागार म्हणतात. बांधकामाच्या जागेवर 'ॲक्सेस ऑडिटर' हाच शब्द जास्त चालतो.

आधी एकास बाराचं गणित पुरतं समजून घेऊ. हा आकडा म्हणजे चालण्याजोग्या चढाची शेवटची हद्द आहे. एकास पंधरा किंवा एकास वीस मिळाला तर उत्तमच. खुर्चीतला माणूस स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत वर जातो तेव्हा त्याचं आणि खुर्चीचं मिळून वजन वर ढकलण्याचा सगळा ताण त्याच्या दोन खांद्यांवर येतो. उतार दुप्पट तीव्र झाला, की मागे ओढणारा जोरही जवळपास दुप्पट होतो. म्हणून ७५ सेंटिमीटर उंची चढून झाल्यावर सपाट विसावा हवा. रुंदी किमान १२० सेंटिमीटर हवी. दोन्ही बाजूंना कठडे हवेत, तेही दोन उंचींवर, कारण मूल, बुटका माणूस आणि उंच माणूस एकाच ठिकाणी हात ठेवत नाहीत. कठड्याची नळी रॅम्प संपल्यावरही ३० सेंटिमीटर पुढे यायला हवी. दृष्टी नसलेल्या माणसाला उतार संपल्याचं त्या नळीवरचा हात सांगतो, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला शेवटच्या पावलालाच आधार लागतो. कडेला छोटा उंचवटा हवा, नाहीतर पुढचं लहान चाक खाली घसरतं. फरशी खरबरीत हवी.

एवढं सगळं पाळलं, की रॅम्प ही पायऱ्यांना चिकटवायची गोष्ट राहत नाही. अठरा फूट जागा नकाशातच सोडावी लागते. ती मागाहून सापडत नाही. सुगम्यतेच्या बाबतीत सगळ्यात महागडी चूक हीच होते, आणि सल्लागाराला बोलावलंही जातं ते बहुतेक वेळा इमारत उभी राहिल्यावर. मिस्त्री अशा वेळी जे म्हणतो ते खोटं नसतं. "याच्याहून लंबा केला तं गाड्या कुठी ठेवतीन लोक?" त्याच्या हाती आलेल्या कागदावर रॅम्पला जागाच दाखवलेली नसते.

हे काम आर्किटेक्टच का करत नाही, असा प्रश्न पडेल. उत्तर रोनाल्ड मेस यांच्या आयुष्यात सापडतं. नवव्या वर्षी पोलिओ झाला आणि ते चाकाच्या खुर्चीत आले. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात ते वास्तुशास्त्र शिकले, आणि तिथल्या वर्गांपर्यंत पोचायला त्यांना जिन्यावरून उचलून न्यावं लागे. इमारत कशी बांधायची हे शिकवणारी इमारतच त्यांना आत घेत नव्हती. पुढे 'युनिव्हर्सल डिझाइन' हे नाव त्यांनी रुजवलं, १९८९ मध्ये त्या विषयाचं केंद्र उभारलं, आणि १९९७ मध्ये त्या केंद्रातून सात तत्त्वं प्रसिद्ध झाली. दिव्यांगांसाठी वेगळं दार करू नका, सगळ्यांना एकच दार पुरेल असं ते करा, हा त्यांचा गाभा. आपल्याकडे दिल्लीच्या 'समर्थ्यम' आणि 'स्वयम्' या संस्था सुगम्यतेच्या कामात अग्रभागी आहेत, आणि त्या उभ्या करणारी माणसंही स्वतः चाकाची खुर्ची वापरणारी. नकाशा वाचता येणं आणि त्या नकाशातून रोज अडखळत जाणं, ही दोन वेगळी ज्ञानं आहेत. चांगला ऑडिट करणारा गट दोन्ही बरोबर घेतो. खुर्ची वापरणारा एक, पांढरी काठी वापरणारा एक, ऐकू न येणारा एक, आणि त्यांच्यासोबत पाणसळ, मोजपट्टी आणि नकाशा घेतलेला आर्किटेक्ट.

२०११ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत भारतासाठी पाच तत्त्वं मांडली गेली. समान, सहज, सांस्कृतिक, सस्ता, सुंदर. यातलं 'सांस्कृतिक' मला फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे उंबरठा पुजतात. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांत तो वीतभर उंच असतो. नियमाप्रमाणे दारातला उंचवटा १२ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. शिवाय आपण चपला बाहेर काढतो. मग खुर्चीची चाकं आत न्यायची की नाही, यावर देवळाच्या पायरीशी खुर्चीतल्या माणसाला वाद घालावा लागतो, आणि तो बहुतेक वेळा थकून बाहेरूनच नमस्कार करतो. दारात आत वापरायची एक खुर्ची ठेवली, किंवा चाकं पुसायला ओलं फडकं आणि एक माणूस ठेवला, तरी भागतं. पाश्चात्त्य पुस्तकात हे उत्तर नाही, कारण तिथे हा प्रश्नच नाही.

नागपूरचे प्रश्नही नागपूरचेच आहेत. पहिला कूलरचा. मार्च लागला की आपण खिडक्यांबाहेर लोखंडी स्टँडवर कूलर बसवतो. गल्लीत, वऱ्हांड्यात, कधी थेट पदपथावर ते डोक्याच्या उंचीवर पुढे आलेले असतात. पांढरी काठी जमिनीवरचा अडथळा शोधते, छातीच्या वरचा तिला कळत नाही. काठी मोकळी जागा सांगते आणि कपाळ कूलरच्या कोपऱ्यावर आदळतं. म्हणून भिंतीतून पुढे येणाऱ्या वस्तूंना १० सेंटिमीटरची मर्यादा असते. त्याहून पुढे येणारी वस्तू हवीच असेल, तर तिच्याखाली जमिनीवर काठीला लागेल असं काहीतरी ठेवावं लागतं. साधी मातीची कुंडीसुद्धा चालते. डिसेंबरात केलेल्या ऑडिटमध्ये हा अडथळा दिसणारच नाही. या शहराचं ऑडिट उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यात एकदा व्हायला हवं.

दुसरा प्रश्न उन्हाचा. पारा ४५ अंशांपलीकडे जातो तेव्हा उघड्यावरचा स्टीलचा कठडा दुपारी हाताला धरवत नाही. नकाशावर कठडा आहे, अहवालात त्यापुढे बरोबरची खूण आहे, आणि दुपारी दोन वाजता तो नसल्यासारखाच आहे. वर छोटं छप्पर घातलं किंवा नळीवर उष्णता न धरणारं आवरण चढवलं, की तो पुन्हा कामाचा होतो.

तिसरा सिमेंट रस्त्यांचा. डांबरी रस्त्यावर काँक्रीटचा थर चढला, रस्ता उंच झाला आणि कितीतरी वस्त्यांत घरांची जोती खाली राहिली. पावसाचं पाणी अंगणात येतं, हे सगळे बोलतात. पण जिथे पूर्वी दारातून सरळ रस्त्यावर जाता येत होतं तिथे आता वर चढणारा एक टप्पा आला आहे. तो टप्पा कुणाच्या नकाशात नाही, कारण इमारतीचा नकाशा फाटकाशी संपतो आणि रस्त्याचा नकाशा काँक्रीटच्या कडेशी. मधल्या हातभर जागेची जबाबदारी कुणाकडेच नाही.

जबाबदारी एकाच हाती असली तर काय जमतं आणि ती संपते तिथे काय उरतं, हे दिसावं म्हणून मेट्रोचं उदाहरण घेते. मार्च २०१९ मध्ये खापरी ते सीताबर्डी धावायला लागलेली आपली मेट्रो जानेवारी २०२० मध्ये लोकमान्य नगरपर्यंत, आणि डिसेंबर २०२२ मध्ये प्रजापती नगर आणि ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत पोचली. स्थानकांत लिफ्ट आहेत, रुंद फाटकं आहेत, फलाटावर पायाला कळणाऱ्या पिवळ्या फरश्या आहेत. त्या फरशीची भाषा सोपी असते. लांब पट्ट्या म्हणजे पुढे चला, गोल ठिपके म्हणजे थांबा, इथे काहीतरी बदलतं. ही कल्पना जपानच्या सेइइची मियाके यांची. मार्च १९६७ मध्ये ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर या फरश्या पहिल्यांदा बसल्या. सीताबर्डीच्या इंटरचेंजवर पायाखाली येते ती त्याच भाषेची लिपी. स्थानक पहिल्यापासून असंच आखलं गेलं म्हणून हे जमलं. आता सल्लागाराचं पुढचं काम स्थानकाच्या दारापासून बाहेर चालत जाणं हे आहे. दवाखान्यापर्यंत, कॉलेजपर्यंत, बर्डीच्या बाजारापर्यंत. जानेवारी २०२३ मध्ये नितीन गडकरी यांनी पारडी भागात ९० हजार चौरस फुटांवर, सुमारे १२ कोटी रुपयांचं 'अनुभूती' हे समावेशक उद्यान उभारलं जात असल्याचं जाहीर केलं. स्पर्श आणि गंधाची बाग, पाण्यातले उपचार अशी त्याची कल्पना. मला ती मनापासून आवडते. तरीही पहिला प्रश्न मी हाच विचारेन, की दिघोरीतला खुर्चीतला मुलगा घरून निघून त्या बागेच्या फाटकापर्यंत एकट्यानं कसा येईल?

कायदा या बाबतीत बराच स्पष्ट आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो, की सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या इमारतीला बांधकामाची परवानगी नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही नाही. जुन्या सार्वजनिक इमारतींना सुधारणेसाठी नियम आल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ मध्ये आले, मुदत २०२२ मध्ये सरली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत दिव्यांग हक्कांच्या कार्यकर्त्या विराली मोदी यांना विवाह नोंदणीसाठी लिफ्ट नसलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर उचलून न्यावं लागलं. स्वतःच्या लग्नाच्या दिवशी.

अडचण कायद्याखालच्या नियमात होती. दृष्टी नसलेले राजीव रतुडी २००५ पासून सर्वोच्च न्यायालयात हा लढा देत होते. त्यात न्यायालयानं हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठाकडून प्रत्यक्ष स्थितीचा अहवाल मागवला. ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात न्यायालयानं म्हटलं, की कायदा सुगम्यता सक्तीची करतो आणि नियम क्रमांक १५ मात्र तिला शिफारशींच्या पातळीवर आणून ठेवतो; म्हणून त्याचा तो भाग कायद्याशी विसंगत आहे. सक्तीची किमान मानकं ठरवायला सरकारला तीन महिने दिले. सल्लागारांसाठी हा निकाल मोठा आहे. 'सर, असं केलं तर बरं होईल' आणि 'असं केल्याशिवाय दाखला मिळणार नाही' या दोन वाक्यांतलं अंतर त्यांनी वर्षानुवर्षं सोसलं आहे.

एक जुनी गोष्टही सांगायला हवी. जानेवारी २००१ मध्ये स्टीफन हॉकिंग भारतात आले होते. त्यांना दिल्लीतली स्मारकं पाहता यावीत म्हणून पुरातत्त्व खात्यानं लाकडी रॅम्प बसवले. म्हणजे रॅम्प बसवता येत होते. अडवणारा दगड नव्हता, इतिहासही नव्हता. २०११ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती नोंदल्या आहेत. त्यात माझ्या आईसारख्या, पडल्यावर काही महिने खुर्चीत आलेल्या बायका मोजलेल्या नाहीत. गरोदर बाई, प्लास्टर घातलेला मुलगा, सिलिंडर वर नेणारा माणूस, हेही त्या आकड्यात नाहीत.

वाचकांनी या आठवड्यात एक काम करावं. आपल्या इमारतीच्या दारातल्या पायऱ्यांची एकूण उंची मोजा आणि तिला बारानं गुणा. तेवढी जागा फाटकापर्यंत आहे का, ते पाहा. सरळ नसेल तर उतार मध्ये वळवून घेता येतो, फक्त वळणावर खुर्ची पूर्ण फिरेल एवढी, किमान दीड मीटर चौरस, सपाट जागा लागते. दाराची मोकळी रुंदीही मोजा. दोन फळ्यांच्या दाराची एकच फळी उघडी ठेवायची सवय असेल, तर ९० सेंटिमीटर भरणार नाहीत.

आमच्या इमारतीत मी मोजून आले. चार पायऱ्या, ६० सेंटिमीटर. म्हणजे ७२० सेंटिमीटर उतार हवा. पायरीपासून फाटकापर्यंत ४१० सेंटिमीटर आहेत. उतार भिंतीच्या कडेनं वळवला तर बसतो, पण तिथे सहा दुचाकी उभ्या असतात. त्यातली एक माझी आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या देशपांडे काकूंनी गेल्या दिवाळीपासून खाली पाऊल ठेवलेलं नाही. येत्या रविवारी सकाळी दहाला सोसायटीची सभा आहे. नकाशा मी खडूनं त्याच जागी, फरशीवर पूर्ण मापात आखून ठेवणार आहे.

(पुढील भागात : स्वच्छतागृहाचं दार कुठे उघडतं?)