बुधावरील खडबडीत प्रदेश : छायाचित्रे आणि त्यांचा अन्वयार्थ

बुध या ग्रहाचे पहिले निकटदर्शन ‘मरीनर-१०’ या अमेरिकी यानाने १९७४-७५ मध्ये तीन भेटींत घडविले. यानाचा सूर्यप्रदक्षिणेचा काळ सुमारे १७६ दिवसांचा होता व बुधावरील एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंतचा अवधीही तेवढाच आहे. त्यामुळे प्रत्येक भेटीत तोच गोलार्ध प्रकाशित आढळला व सुमारे ४५ टक्के पृष्ठभागाचेच चित्रण होऊ शकले. कॅलोरिस या विशाल आघात-खोऱ्याचाही केवळ पूर्व भाग दिसला. त्याचा सुमारे १५५० कि.मी. व्यास निश्चित होण्यास २००८ मधील ‘मेसेंजर’ यानाची भेट यावी लागली.

कॅलोरिसच्या बरोबर विरुद्ध बाजूस मात्र एक विलक्षण प्रदेश आढळला. तेथे ५ ते १० कि.मी. रुंदीच्या टेकड्या दाटीने पसरल्या असून जुन्या विवरांच्या कडा खंडित झालेल्या आहेत. हा प्रदेश छाया-प्रकाशाच्या सीमारेषेजवळ होता, हा एक सुयोगच म्हणावा लागेल. सूर्य क्षितिजालगत असताना लहानशा उंचवट्याचीही सावली लांब पडते व चढउतार स्पष्ट होतात. माथ्यावरील सूर्य तेच रूप सपाट भासवितो. अशा छायाचित्रांचे वाचन करताना प्रकाशाचा कोन प्रथम पाहावा लागतो.

शुल्ट्झ व गॉल्ट यांनी १९७५ मध्ये असे प्रतिपादन केले की, कॅलोरिसच्या आघाताचे कंपन-तरंग ग्रहाच्या अंतरंगातून व पृष्ठभागावरून प्रवास करीत विरुद्ध बिंदूपाशी एकवटले आणि तेथील भूमी उखडली गेली. हे स्पष्टीकरण दीर्घकाळ पाठ्यपुस्तकांतून स्थिर झाले, कदाचित त्याच्या भौमितिक सौंदर्यामुळेही. २०२० मध्ये रॉड्रिग्ज व सहकाऱ्यांनी मात्र विवरांच्या गणनेवरून असे दाखविले की, येथील ऱ्हास सुमारे १.८ अब्ज वर्षांपूर्वीपर्यंत चालू होता, म्हणजे कॅलोरिसनंतर सुमारे दोन अब्ज वर्षे. कवचातील बाष्पशील द्रव्ये निघून गेल्याने भूमी खचली, असे त्यांचे मत आहे. ते ग्राह्य धरल्यास सूर्याच्या इतक्या निकट असलेल्या ग्रहाच्या कवचात अशी द्रव्ये टिकली कशी, हा अधिक मूलगामी प्रश्न उपस्थित होतो.

निर्णयास आवश्यक असलेली उंचीची मोजणी येथे अपुरी आहे. ‘मेसेंजर’ २०११ ते २०१५ या काळात बुधाभोवती फिरत होते. परंतु त्याची कक्षा दीर्घवर्तुळाकार असल्याने लेसर-उंचीमापकाची नोंद मुख्यतः उत्तर गोलार्धापुरती राहिली, तर हा प्रदेश प्रामुख्याने विषुववृत्ताच्या दक्षिणेस आहे. २०१८ मध्ये प्रक्षेपित झालेल्या ‘बेपीकोलंबो’ मोहिमेच्या लेसर-उंचीमापकाच्या कार्यक्रमात दक्षिण गोलार्धाचाही समावेश आहे.