मनगटावरील प्रकाशीय नाडीमापक आणि हृद्‌गतीची चलता

निरोगी मनुष्याचे हृदय लंबकाप्रमाणे समान अंतराने स्पंदन पावत नाही. मिनिटास ७५ ठोके पडत असतील, तर दोन ठोक्यांमधील सरासरी अंतर ८०० मिलीसेकंद होय; परंतु प्रत्यक्षात एक अंतर ७८० तर पुढचे ८१५ असे ते सतत बदलत असते. श्वास आत घेताना ठोके जलद होतात, सोडताना मंदावतात. हा संबंध कार्ल लुडविग यांनी १८४७ मध्ये आलेखाने दाखविला. ह्या बदलासच हृद्‌गतीची चलता म्हणतात. तिचा श्वासाबरोबर येणारा जलद भाग मुख्यत्वे व्हेगस मज्जातंतूच्या नियंत्रणाचा द्योतक आहे. तिचे वैद्यकीय महत्त्व १९८७ मध्ये क्लायगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पष्ट केले. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ज्या रुग्णांच्या २४ तासांच्या नोंदीत अंतरांचे प्रमाण विचलन ५० मिलीसेकंदांहून कमी होते, त्यांना मृत्यूचा धोका १०० मिलीसेकंदांहून अधिक विचलन असणाऱ्यांच्या पाचपटींहून जास्त आढळला.

ही मापने विद्युत्‌हृदालेखावरून केलेली होती. मनगटावरील घड्याळाची रीत निराळी आहे. त्यातील हिरवा प्रकाश त्वचेत शिरतो, रक्त त्याचा काही अंश शोषून घेते व परतलेला प्रकाश दीप्तिग्राहकावर पडतो. प्रत्येक ठोक्यागणिक सूक्ष्म वाहिन्यांतील रक्त वाढते, म्हणून परतणारा प्रकाश घटतो. हर्ट्झमन यांनी १९३७-३८ च्या सुमारास ह्याच तत्त्वाचा पाया घातला. म्हणजे घड्याळ हृदयाची विद्युत्‌घटना मोजीत नाही. रक्ताची लाट मनगटाशी पोहोचल्याची वेळ मोजते.

लाटेस लागणारा विलंब स्थिर असेल, तर तो प्रत्येक ठोक्यास सारखाच लागू होतो व वजाबाकीत नाहीसा होतो. विलंबच बदलू लागला, तर मात्र तो बदल चलतेत मिसळतो. डोंबिवलीहून ठाण्याकडे उभ्याने प्रवास करणारा मनुष्य वरची कडी धरण्यास हात उंचावतो, तेव्हा मनगटातील रक्तदाब दर सेंटिमीटरला सुमारे ०.८ मिलिमीटर पाऱ्याइतका उतरतो आणि लाट मंदावते. हात खाली येताच ती पुन्हा जलद होते. हृदयात काहीही न घडता चलता घडल्याचे भासते.

दुसरी अडचण चालण्याची. कल्याण स्थानकाच्या पुलावरून झपाट्याने जाणाऱ्या मनुष्याची पावले मिनिटास १०० ते १२० पडतात. हृदयाचे ठोकेही त्या वेळी त्याच मर्यादेत असतात. त्यामुळे पावलांचे हेलकावे कोणते व नाडी कोणती, हे केवळ वारंवारतेवरून वेगळे करता येत नाही. घामाने पट्टा घसरला, तर ही अडचण अधिकच वाढते.

एक ठोका हुकल्यास काय होते, हे गणिताने पाहावे. पाच मिनिटांत सुमारे ३७५ ठोके पडतात. लगतच्या अंतरांतील फरकांच्या वर्गांची सरासरी काढून तिचे वर्गमूळ घेतले असता ते खरोखर ३० मिलीसेकंद येते असे मानू. एक ठोका निसटला की ८०० च्या जागी १६०० चे अंतर नोंदले जाते व ८०० चे दोन खोटे फरक निर्माण होतात. त्यांच्या वर्गांची बेरीज १२,८०,००० होते. ती सुमारे ३७३ फरकांत वाटली असता उत्तर ३० ऐवजी जवळजवळ ६६ येते. एका चुकीने माप दुपटीहून अधिक होते.

ह्यावरून निष्पन्न होते की, प्रवासातील आकड्यांवरून ‘ताण’ ठरविणे अशास्त्रीय होय. उचित रीत अशी : सकाळी घर सोडण्यापूर्वी, स्वस्थ बसून, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून पाच मिनिटे नोंद घ्यावी, वेळ रोज तीच असावी, तुलना स्वतःच्याच पूर्वीच्या नोंदींशी करावी. संशोधकाने तर गाळलेल्या अंतरांचे प्रमाणही अवश्य नमूद करावे.

शेवटी एक धोका विसरता येणार नाही. अलिंद-कंपनासारख्या विकारात ठोके पूर्णतः अनियमित होतात, आणि तेव्हाही चलतेचा आकडा मोठाच येतो. मोठा आकडा म्हणजे उत्तम आरोग्य, असे समजणारा मनुष्य रोगालाच सुचिन्ह मानून निश्चिंत राहील. म्हणून विश्रांतीतही नाडी अनियमित लागत असेल, तर घड्याळाच्या आकड्यावर न विसंबता विद्युत्‌हृदालेख काढून घेणे आवश्यक आहे.