गिलावा न केलेलं चर्च

फ्रान्सच्या वायव्य किनाऱ्यावर, सीन नदी समुद्राला मिळते तिथे ल हाव्र नावाचं बंदर आहे. चित्रकार क्लोद मोने या गावात वाढला. ज्या चित्रामुळे 'इम्प्रेशनिझम' हे नाव रूढ झालं, ते सूर्योदयाचं चित्र त्याने याच बंदराकडे बघत रंगवलं. मोनेने पाहिलेलं गाव मात्र आता शोधून सापडायचं नाही. ५ आणि ६ सप्टेंबर १९४४ या दोन दिवसांत ब्रिटिश विमानांनी गावाचा मध्यभाग भुईसपाट केला. पॅरिस २५ ऑगस्टलाच मुक्त झालं होतं, पण ल हाव्रमधली जर्मन शिबंदी हटायला तयार नव्हती आणि दोस्त राष्ट्रांना बंदर हवं होतं. १२ तारखेला जर्मनांनी शस्त्रं खाली ठेवली, तोवर गाव उरलंच नव्हतं. युद्धाच्या सगळ्या वर्षांत मिळून इथले पाचेक हजार नागरिक मेले, ८० हजार बेघर झाले. त्यातला सर्वांत मोठा घाव सोडवायला आलेल्या मित्रांनी घातलेला. अशा दुःखाचं स्मारक बांधायचं तरी कसं?

बाँबहल्ल्यात सेंट जोसेफ धर्मग्रामाचं जुनं चर्चही गेलं होतं. त्या जागी जे नवं उभं राहिलं, ते रोजच्या मिस्सेचं, लग्नांचं, बाप्तिस्म्यांचं चर्च आहे आणि मृतांचं स्मारकही आहे. २१ ऑक्टोबर १९५१ रोजी त्याची कोनशिला बसली, १९५७ साली काम पुरं झालं.

हे काम ज्याच्याकडे आलं, तो ओग्युस्त पेरे तेव्हा सत्तरी ओलांडलेला होता. १९४५ साली सरकारने अख्ख्या गावाच्या पुनर्बांधणीची जबाबदारी त्याच्यावर टाकली होती. हा माणूस वास्तुकार होता तसाच पक्का कंत्राटदारही. भावांबरोबर घरची बांधकाम कंपनी चालवता यावी म्हणून त्याने आर्किटेक्टची पदवी पदरात न घेताच कॉलेज सोडलं होतं. आपल्याकडे चंडीगढमुळे घरोघरी ठाऊक झालेल्या ल कोर्बुझिएने तरुणपणी याच्याच कचेरीत वर्षभर उमेदवारी केली. पुढे शिष्याचं नाव गुरूपेक्षा मोठं झालं. अन्याय म्हणावा का? थोडा आहेच.

पेरेचा जीव काँक्रीटवर. पहिल्या महायुद्धानंतर पॅरिसजवळच्या ल रँसी इथे, १९१४च्या लढाईच्या स्मरणार्थ एक चर्च हवं होतं आणि गाठीला पैसा फार नव्हता. पेरेने ते १९२२-२३मध्ये काँक्रीटमध्ये उभं केलं, आतून-बाहेरून उघडं ठेवून. त्या काळी काँक्रीट म्हणजे गोदामाचं, फार तर पुलाचं सामान. चर्चमध्ये ते वापरलंच तर वरून दगडाचा मुलामा द्यायचा, अशी रीत होती. पेरेने मुलामा नाकारला. नंतर १९२६ साली जोन ऑफ आर्कच्या नावाने बांधायच्या चर्चच्या स्पर्धेत त्याने २०० मीटर उंचीच्या मनोऱ्याचं चर्च कागदावर मांडलं. ते कुणी बांधलं नाही. पंचवीस वर्षं मनात राहिलेला तो मनोरा कमी उंचीचा होऊन ल हाव्रला अवतरला. 'कमी' म्हणजे १०७ मीटर. मुंबईचा राजाबाई टॉवर याहून वीसेक मीटर बुटका.

बाहेरून हे चर्च मला फारसं आवडत नाही, हे सांगून टाकतो. चौकोनी करड्या बैठकीवरून अष्टकोनी मनोरा टप्प्याटप्प्याने निमुळता होत वर जातो. क्रूस दिसला नाही तर एखाद्या बँकेचं मुख्यालय म्हणून खपेल. गावकऱ्यांनाही पेरेचं हे करडं गाव कितीतरी वर्षं पचलं नव्हतं. २००५ साली युनेस्कोने ते जागतिक वारशाच्या यादीत घातलं, तेव्हा कुठे लोकांची नजर निवळू लागली.

पण दार ओलांडून आत आलं की मत बदलावं लागतं. एरवी कॅथलिक चर्चमध्ये लांबलचक दालन असतं आणि त्याच्या टोकाला वेदी. इथे जमीन जवळजवळ चौरस, बाजू साधारण चाळीस मीटरची. वेदी मधोमध, बाके चारी बाजूंनी. धर्मगुरू आणि भाविक समोरासमोर आले ते पुढे १९६२ ते १९६५च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, असं आपण धरून चालतो. इथला नकाशा त्याच्या दहा वर्षं आधीचा आहे. आणि मी सवयीने बाके म्हटलं, पण त्या आहेत थिएटरसारख्या लाकडी, दुमडत्या खुर्च्या. पॅरिसमधलं शाँज-एलिझेचं नामांकित नाट्यगृह पेरेनेच बांधलेलं, त्यामुळे यात नवल नाही.

मग मान वर करायची. मनोरा छपरावर ठेवलेला नाही, तो थेट वेदीच्या डोक्यावर उघडतो. मध्ये छत नाही, मजले नाहीत. टोकापर्यंत ऐंशीहून जास्त मीटरची पोकळी. एवढं वजन पेलतं कोण, तर चार कोपऱ्यांतले चार-चार खांबांचे झुबके, म्हणजे सोळा खांब, प्रत्येक पंचवीस मीटर उंच. खाली चौकोन आणि वर अष्टकोन, तेव्हा मधल्या सांध्यात तिरक्या तुळया घालून भार फिरवून खाली आणला आहे. या तुळया कुठेही लपवलेल्या नाहीत. गॉथिक चर्चमध्ये बाहेरून आधार देणाऱ्या कमानी असतात, ते काम इथे आतल्या आत आणि सर्वांच्या देखत चालतं. खांबाजवळ गेलात तर आणखी एक गोष्ट दिसेल. शटरिंग काढल्यावर वर जी सिमेंटची गुळगुळीत साय उरते, ती पेरे टाचे मारून काढून टाकायला लावी. मग आतली खडी उघडी पडते आणि पृष्ठभागाला घडीव दगडाचं खरखरीतपण येतं. गिलावा नाही, रंग नाही.

रंगाचं सगळं काम काचेकडे दिलं आहे. भिंतींत आणि मनोऱ्यात काँक्रीटच्या ओतीव जाळ्या आहेत. त्यांत १२,७६८ रंगीत काचा बसवल्या आहेत, फुंकून केलेल्या जुन्या पद्धतीच्या. त्यांवर संतांची चित्रं नाहीत, बायबलमधले प्रसंग नाहीत; निव्वळ रंग आहेत. ही योजना मार्गरित ह्युरे या कलावतीची. ल रँसीच्या काचाही तिच्याच. उत्तर-पूर्वेला थंड रंग, दक्षिण-पश्चिमेला ऊबदार, आणि खालचे गडद रंग वर जाता जाता फिके होत पांढऱ्यापर्यंत पोचतात. ऊन सरकतं तसे करड्या खांबांवरचे डाग सरकतात, सकाळचं चर्च आणि संध्याकाळचं चर्च एक राहत नाही. माझ्या मते स्मारक म्हणून ही इमारत इथे जिंकते. रडणारे पुतळे नाहीत, विजयाची कमान नाही, दोषारोप तर नाहीच.

पेरेला हे पाहायला मिळालं नाही. २५ फेब्रुवारी १९५४ला तो वारला. रेमों ओदिजिए आदी सहकाऱ्यांनी काम पुरं केलं. खाऱ्या वाऱ्यात काँक्रीटमधल्या सळ्यांचं काय होतं, हे मुंबईकराला सांगायला नको, म्हणजे डागडुजी पाचवीला पुजलेली. गावाला ५०० वर्षं झाली तेव्हा, २०१७ साली, चिहारू शिओता या जपानी कलावतीने याच पोकळीत लाल दोऱ्यांचं प्रचंड जाळं टांगलं होतं. उत्सवापुरतं का होईना, गावाने आता हे चर्च मिरवायला घेतलं आहे.

आपल्या दादरच्या पोर्तुगीज चर्चची आजची काँक्रीटची वास्तू वास्तुकार चार्ल्स कोरियांची, सत्तरच्या दशकातली. पेरेच्या चर्चशी तिचं घराण्याचं नातं जोडत नाही. पण गोखले रोडवरून रोज जाणाऱ्यांनी एकदा आत शिरून छताकडे बघावं, एवढं मात्र सुचवतो. आणि पॅरिसला जाणाऱ्यांनी आयफेल टॉवरच्या रांगेतला एक दिवस वाचवावा. सां-लाझार स्थानकावरून ल हाव्रची गाडी दोन-सव्वादोन तासांत पोचवते. ऊन असलेला दिवस निवडा, दुपार उतरल्यावर जा आणि मिस्सेची वेळ टाळा.