उभा माऊस घेऊ का? आधी पेपरात काय मोजलंय ते बघू

डिझाईनच्या ज्युनियर मुलांकडून मला वरचेवर येणारा प्रश्न: "दादा, कोणता माऊस घेऊ?" विचारणारा बहुतेक वेळा थिसिसच्या मधोमध असतो. दिवसाचे आठ-दहा तास कॅडमध्ये किंवा ब्लेंडरमध्ये जातात, संध्याकाळपर्यंत मनगट भरून येतं. आणि त्याने कुठेतरी वाचलेलं असतं की उभा माऊस (हस्तांदोलन करताना हात जसा असतो, तसा धरायचा) चांगला हे "संशोधनाने सिद्ध" झालंय. विद्यावेतनातला बराचसा भाग या एका वाक्यावर खर्च व्हायचा असतो, म्हणून ते वाक्य जरा उकलून बघू. संशोधनात येऊ पाहणाऱ्यांना यातून पेपर कसा वाचावा याचाही सराव होईल.

साधा माऊस धरताना तीन गोष्टी होतात. तळवा खाली वळतो, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतची दोन हाडं एकमेकांवरून आडवी जातात. मनगट थोडं वर उचललं जातं. आणि हात करंगळीच्या बाजूला झुकतो. उभा माऊस यातली पहिली गोष्ट बरीच कमी करतो, तिसरी थोडीफार. त्यावरून तर्क असा चालतो: ठेवण सुधारली, म्हणून आतला ताण कमी झाला, म्हणून दुखणं कमी झालं. ऐकायला सरळ आहे. पण यातला प्रत्येक "म्हणून" हा वेगळा दावा आहे आणि त्याला वेगळा पुरावा लागतो.

आता हा २०१५ चा पेपर बघा. श्मिड आणि सहकाऱ्यांचा, 'अप्लाईड एर्गोनॉमिक्स'मधला. मनगटात एक अरुंद बोगदा असतो, कार्पल टनेल. त्यातून बोटं मिटणाऱ्या नऊ शिरा (स्नायूंच्या दोऱ्या म्हणा) आणि एक मज्जातंतू, मीडियन नर्व्ह, दाटीवाटीने जातात. तिथे दाब वाढला की नर्व्ह चेपली जाते. कार्पल टनेलचा त्रास आधीच असलेल्या २१ रुग्णांच्या बोगद्यातला दाब या मंडळींनी थेट मोजला. साधा माऊस, उभा माऊस, जेलचं पॅड आणि हाताखाली सरकणारा तळव्याचा आधार, असं सगळं वापरून. मनगटाची ठेवण बदलली. उभ्या माऊसने करंगळीकडचा झुकाव कमी झाला, बाकी दोघांनी मनगटाचं वर उचललं जाणं कमी केलं. दाब मात्र कशानेच कमी झाला नाही.

म्हणजे पहिला दावा खरा ठरला आणि दुसरा तिथेच अडकला. जे मोजायला सोपं ते मोजायचं आणि जे हवंय ते आपोआप झालं असं धरायचं, हा घोटाळा फक्त माऊसच्या जाहिरातीत नसतो. आपल्या सिनॉप्सिसमध्येही तो हळूच शिरतो. 'युजर एक्स्पीरियन्स सुधारला' असं लिहायचं आणि मोजलेला असतो फक्त काम पूर्ण व्हायला लागलेला वेळ!

मग दाब वाढतो कशाने? इथे एक जुना पेपर कामाला येतो: कीर, बाख आणि रेम्पेल, १९९९. निरोगी लोक, तीन वेगवेगळे माऊस, आणि पुन्हा थेट बोगद्यातला दाब. माऊसवर हात नुसता ठेवला तेव्हाच्या तुलनेत एखादी गोष्ट धरून ओढताना, म्हणजे ड्रॅग करताना, दाब साधारण १२ मिलिमीटर पाऱ्याने जास्त होता. बऱ्याच जणांचा आकडा ३० च्या वर गेला आणि नर्व्हला त्रास सुरू होण्याची जी पातळी मानली जाते ती ३० च्या आसपासच आहे. माऊस कोणता, यापेक्षा हात त्यावर काय करतोय, याने जास्त फरक पडला.

डिझाईनवाल्यांनी इथे थांबावं. ईमेल लिहिणारा माणूस टिचकी मारतो आणि सोडतो. आपण काय करतो? ऑटोकॅडमध्ये चाक दाबून धरून ड्रॉईंग सरकवतो, सॉलिडवर्क्समध्ये आणि ब्लेंडरमध्ये चाक दाबून धरूनच मॉडेल फिरवतो. तेही दिवसभर, मधल्या बोटाने. त्यामुळे दुकानात माऊस बघताना मी आकाराच्या आधी चाक दाबून बघतो. ते कडक असेल तर बाकी कितीही गुळगुळीत असू दे, नको. हा माझा निष्कर्ष आहे, पेपरातला नाही. पण पेपरातल्या कारणाला धरून आहे. शक्य असेल तर चाकाचं काम बाजूच्या एखाद्या हलक्या बटणावर टाका. मॉडेल फिरवण्यासाठी डाव्या हाताला स्पेसमाऊससारखं यंत्र घेणारे लोकही हेच करत असतात, ओझं वाटून टाकतात.

मग उभा माऊस फुकट आहे का? तसंही नाही, आणि इथे दुसऱ्या बाजूला घसरणाऱ्यांनी सावध व्हावं. बोगद्यातला दाब म्हणजे हाताचं सगळं दुखणं नव्हे. गुस्टाफसन आणि हागबर्ग यांनी २००३ मध्ये १९ अनुभवी संगणक वापरणाऱ्यांना दोन्ही प्रकारांनी काम करायला लावलं. हात उभा ठेवल्यावर स्नायूंचं काम कमी झालं. पण काम हळू झालं आणि बहुतेकांना जुनाच माऊस आवडला. सगळे जण वर्षानुवर्षं आडव्या माऊसला सरावलेले होते, तेव्हा ही नापसंती माऊसची की सवयीची, हे एवढ्यावरून ठरत नाही. तुमचं दुखणं कोपराखालच्या स्नायूंत असेल तर उभा माऊस आजमावण्यात अर्थ आहे. बारीक पिक्सेलचं काम असेल तर वेग पडेल, ही तयारी ठेवा.

दीर्घकालीन चित्र थोडं धूसर आहे. डेन्मार्कमध्ये तांत्रिक कामं करणाऱ्या जवळपास ७,००० जणांचा वर्षभर पाठपुरावा झाला (२००३ मध्ये छापून आला). आठवड्याला २० तासांहून जास्त माऊस वापरणाऱ्यांमध्ये कार्पल टनेलसारख्या तक्रारींशी संबंध दिसला, तरी संगणक हा त्या आजाराचा मोठा धोका आहे असं लेखक म्हणाले नाहीत. आणि ऑफिसातल्या लोकांवरच्या चाचण्या एकत्र करून बघणाऱ्या २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात वेगळा माऊस किंवा हाताचा आधार मान-खांद्याचं दुखणं टाळतो का, याचा पुरावा परस्परविरोधी निघाला. "सिद्ध" हा शब्द इथे बसत नाही.

खांद्याचा विषय निघालाच आहे म्हणून: आकड्यांची पट्टी असलेला लांब कीबोर्ड वापरत असाल तर माऊस तेवढा उजवीकडे जातो आणि दंड बाहेर ताणला जातो. पट्टी नसलेला कीबोर्ड घेतला की माऊस जवळ येतो. कित्येकदा बदलायची वस्तू माऊस नसतेच.

डीपीआयच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. ८०० डीपीआयला १९२० पिक्सेलचा पडदा पार करायला माऊस सुमारे २.४ इंच सरकवावा लागतो, १६०० ला त्याच्या निम्मा. इतपत फरक कळतो. त्यापुढचे हजारोंचे आकडे डिझाईनच्या कामात बहुधा कमीच करून ठेवावे लागतात, कारण कर्सर थरथरायला लागतो.

आता निवड. हात मोठा आणि माऊस इवलासा असेल तर बोटं आखडतात, एवढं दुकानात हातात धरूनच कळतं. पण पाच मिनिटांच्या पकडीवरून दिवसभराचं कळत नाही. म्हणून मित्राकडून आठवडाभर मागून आणा आणि स्वतःवरच छोटा प्रयोग करा. रोज संध्याकाळी ० ते १० मध्ये त्रास लिहा, सोबत किती तास काम केलं तेही. एक आठवडा जुना, दोन आठवडे नवा, मग पुन्हा एक आठवडा जुना. जुना-नवा असे दोनच आठवडे केलेत तर सबमिशनचा आठवडा नेमका एका माऊसच्या वाट्याला येईल आणि दोष त्याच्या माथी बसेल. नव्याचे पहिले तीन दिवस वेगळे काढून ठेवा. तेव्हा नवलाई आणि अवघडलेपण, दोन्ही असतं. आणि आकडे लिहिण्याआधी ठरवा, किती फरक पडला तर पैसे घालायचे.

एका गोष्टीत मात्र प्रयोग नको. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल, वस्तू हातातून सुटत असतील, तर माऊस विकत घेण्याआधी हाडांच्या किंवा मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे जा. सबमिशननंतर नाही, याच आठवड्यात.