उन्हाळी झबल्यावरचा पाऊस

मार्च-एप्रिलमध्ये विकायला येणाऱ्या लहान मुलांच्या झबल्यांवर, फ्रॉकांवर आता छत्र्या, बेडूक, ढग आणि कागदी होड्या सर्रास दिसतात. ऐन उन्हात पावसाची आठवण मुलांच्या अंगावर घालावी, ही कल्पना गोड आहे. पण ही आठवण कोणत्या पावसाची? होड्या सोडण्याइतकं पाणी साचायला दिवसचे दिवस झड लागावी लागते. ती मुंबईला लागते, कोकणात लागते, नाशिक जिल्ह्यात इगतपुरीला लागते. त्याच जिल्ह्यात निफाड तालुक्यातल्या लासलगावच्या वाट्याला त्या पावसाचा लहानसा हिस्सा येतो. इथे आज साठीत असलेल्यांच्या बालपणात १९७२ चा दुष्काळ आहे, आणि आज विशीत असलेल्यांच्या बालपणात २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट. उन्हाळ कांदा शेतात किंवा काढून खळ्यावर पडलेला असताना आलेल्या ढगाकडे या गावात कुणी कौतुकाने पाहत नाही. म्हणूनच गेल्या साठ वर्षांतल्या मुलांच्या कपड्यांचा मागोवा घेताना मला असं ठामपणे वाटतं, की इथला बालपणीचा पाऊस चित्रांत शोधूच नये. तो कापडाच्या पोतात आणि शिवणीत होता, आणि उन्हाळी कपड्यांनी त्याच्याकडून घ्यायचं तेही पोत आणि शिवणच आहे.

लासलगावची बाजार समिती १९४७ सालची. जिथे कांद्याची एवढी मोठी उलाढाल, तिथे बारदानाला तोटा नाही. गोणपाटाचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसून केलेली खोळ हाच शेतकऱ्याच्या पोराचा रेनकोट होता. पुढे खताच्या गोण्यांनी तिची जागा घेतली. खोळीखालचे कपडे बहुधा जूनमध्येच शिवलेले असत. महाराष्ट्रातल्या शाळा जूनमध्ये उघडतात, त्यामुळे घरातल्या मुलांना वर्षातून दोनदाच नवं कापड मिळे: दिवाळीला आणि पावसाच्या तोंडावर. रेशन दुकानातलं कंट्रोलचं कापड, मांजरपाट, पॉपलीन, एकाच थानातून भावंडांचे सदरे आणि परकर. शिंप्याला सांगायचं ते एकच, ‘वाढत्या अंगाचा शिव’. मग काखेत सैल, घेराला मोकळा आणि खाली दुमड ठेवलेला कपडा तयार व्हायचा. उन्हाळ्यासाठी वेगळे कपडे ही कल्पनाच नव्हती. जूनमध्ये शिवलेला सदरा दहा महिने धुऊन धुऊन एप्रिलपर्यंत मऊ आणि विरळ होई, तेव्हा तोच उन्हाळी कपडा. पावसाचा कपडा उन्हाळ्याला उपयोगी पडतो, हे त्या पिढीने डिझाइन म्हणून ठरवलं नव्हतं. गरजेने ते तसं घडलं, आणि अंगाला मानवलं.

हे चक्र टेरिकॉटने सैल केलं आणि पुढच्या घटनांनी मोडलं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर गिरण्यांचं सुती कापड बाजारातून झपाट्याने मागे हटलं. सुरत-भिवंडीच्या यंत्रमागांवरचं मिश्र आणि कृत्रिम धाग्याचं कापड ती जागा भरत गेलं. २००० च्या राष्ट्रीय वस्त्रधोरणाने तयार कपड्यांचा धंदा लघुउद्योगांच्या राखीव यादीतून बाहेर काढला, मोठे कारखाने आले, आणि मुलांचे कपडे ऋतूनुसार विकले जाऊ लागले. इथेच माझा मुख्य आक्षेप आहे. ऋतू कपड्याच्या नावात आला आणि कापडातून गेला. साधारण हवेत शंभर ग्रॅम सुती कापड आठ ग्रॅमच्या आसपास ओलावा धरून ठेवतं, पॉलिस्टर अर्धा ग्रॅमही नाही. निफाडकडचा मे महिना कोरडा. मुलाच्या अंगावरचा घाम सुती कापडात शिरतो, कोरड्या वाऱ्याने उडतो आणि अंग निवतं. साध्या पॉलिस्टरचा घट्ट फ्रॉक तो घाम अंगालाच चिकटवून ठेवतो, मग त्यावर कितीही छत्र्या काढलेल्या असोत.

यावर कुणी म्हणेल, ही तर गरिबीची आठवण. खोळ टोचायची, कंट्रोलचं कापड रांगेत उभं राहून आणावं लागायचं, त्याचं कौतुक कशाला? हे खरं आहे, आणि खोळ परत यावी असं मी म्हणत नाही. टंचाई गेली हे चांगलंच झालं. तिच्याबरोबर सैल माप आणि वाढीची दुमडही जाण्याचं मात्र काही कारण नव्हतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कृत्रिम कापड स्वस्त, टिकाऊ, चटकन वाळणारं, आणि रोज धुणं करणाऱ्या बाईचे कष्ट वाचवणारं. श्रावणात सुती कपडे दोन-दोन दिवस दांडीवर ओले राहतात, तेव्हा हा मुद्दा निर्विवाद आहे, आणि पावसाळ्यात आईने तो कपडा निवडला तर तिचं बरोबरच. पण एप्रिल-मेमध्ये लासलगावला सुती झबलं दुपार व्हायच्या आत खडखडीत वाळतं. ज्या ऋतूत सुताचा हा तोटा उरत नाही, त्याच ऋतूत आपण सूत सोडतो आहोत.

मग मुलांना आवडणाऱ्या चित्रांचं काय? चित्रं हवीतच. शेजारच्या येवल्यातले विणकर पैठणीच्या पदरावर मोर काढतात ते विणीतच, वरून चिकटवत नाहीत. रेशीम मुलांच्या रोजच्या अंगाला परवडणार नाही, पण रीत घेता येते. छातीभर जाड रबरी छपाईने काढलेला ढग तेवढ्या जागेतून वारा आत येऊ देत नाही. तोच ढग सुतात मुरणाऱ्या रंगाने किंवा चार टाक्यांच्या भरतकामाने काढला, तर कापड मोकळं राहतं. आणि लासलगावच्या मुलीच्या फ्रॉकवर होडीऐवजी मृगाचा लाल मखमली किडा आला, तर तो तिने शेताच्या बांधावर खरोखर पाहिलेला असण्याचा संभव जास्त.