मुतखडा : कळ थांबली म्हणजे खडा पडला असे नाही



उन्हाळा लागला की आपल्या अमडापूर परिसरात मुतखड्याचे दुखणे वाढते. शेतात, वीटभट्टीवर, बांधकामावर दिवसभर घाम गाळायचा आणि पाणी मात्र दोन-चार घोट. कितीतरी भगिनी तर लघवीला आडोसा नाही म्हणून पाणी पिणेच टाळतात. मग लघवी घट्ट होते, तिच्यातले क्षार साचतात आणि खडा तयार होतो.

कळ आली की प्रत्येकाचा वेगळा सल्ला. कोणी पानफुटीचा पाला खायला सांगते, कोणी हुलग्याचे पाणी, कोणी बिअर, तर कोणी तोंडाने ओढून खडा काढणाऱ्याचा पत्ता देते. पोटाच्या कातडीतून खडा ओढता येत नाही. तो तोंडात आधीच लपवलेला असतो. बिअरने खडा विरघळत नाही, पाचवे शील मात्र मोडते. लहान खडा बहुधा आपसूक पडतो आणि नाव पाल्याचे होते.

ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. हाच नियम दवाखान्यातही लावावा. डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा : खडा किती मिलिमीटरचा आहे? तो किडनीत आहे की मूत्रनलिकेत? किडनीला सूज आहे का? उपचार या उत्तरांवर ठरतो.

कोणत्या खड्याला कोणता उपचार?

वाट पाहणे : ५ मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुतेक वेळा आपसूक पडतात. ५ ते १० मिलिमीटरचा खडा मूत्रनलिकेच्या खालच्या भागात असेल तर डॉक्टर काही आठवडे गोळ्या देऊन पाहतात. पण वाट पाहायची ती तारीख ठरवून. चार ते सहा आठवड्यांत पुन्हा सोनोग्राफी कराच. खडा अडकलेला असूनही कळ थांबू शकते आणि किडनी आतल्या आत निकामी होऊ शकते. दुखले की दुखणे मारण्याचे इंजेक्शन घ्यायचे आणि कामावर जायचे, हा उपचार नव्हे. अशी औषधे वारंवार घेतल्यास किडनीलाच इजा होते.

बाहेरून लहरींनी फोडणे : किडनीतल्या मध्यम खड्यासाठी, साधारण २ सेंटिमीटरपर्यंत. चिरफाड नसते, पण तुकडे लघवीतून पडावे लागतात आणि कधी पुन्हा यावे लागते. गरोदर बाईला हा उपचार करत नाहीत.

लघवीच्या मार्गाने दुर्बीण : मूत्रनलिकेत अडकलेला खडा लेझरने फोडून काढतात. बाहेर जखम होत नाही.

पाठीतून दुर्बीण : किडनीतला २ सेंटिमीटरपेक्षा मोठा खडा पाठीला लहान छिद्र पाडून काढतात. काही दिवस दवाखान्यात राहावे लागते. पोट उघडून ऑपरेशन करण्याची गरज आता क्वचितच पडते.

आतली नळी विसरू नका

दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर बऱ्याचदा मूत्रनलिकेत एक बारीक नळी ठेवतात. तिला डी. जे. स्टेंट म्हणतात. ती काढण्याची तारीख कागदावर लिहून घ्या. दुखत नाही, गाडीभाडे नाही, सोयाबीनची कापणी आहे, म्हणून ती महिनोन्महिने आत राहिली तर तिच्यावरच खडे जमतात, जंतुसंसर्ग होतो आणि किडनी जाऊ शकते.

हे दिसले तर थांबू नका

कळेसोबत थंडी-ताप, लघवी बंद होणे, सतत उलट्या. किंवा रुग्ण गरोदर असेल, एकच किडनी असेल, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. १०८ ला फोन करा. अडकलेल्या लघवीत जंतुसंसर्ग झाला तर जीवावर बेतते.

पैशाचे काय?

सावकाराकडे जाण्याआधी चिखली किंवा बुलढाण्याच्या सरकारी रुग्णालयात दाखवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मुतखड्याच्या शस्त्रक्रियाही आहेत. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा. कोणत्या दवाखान्यात सोय आहे ते १५५३८८ या मोफत क्रमांकावर विचारा. योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. भरती होण्याआधी त्याला भेटा.

पुन्हा खडा होऊ नये म्हणून

दिवसाला तीन लिटर पाणी, उन्हात काम असेल तर त्याहून जास्त. लघवी पांढुरकी, स्वच्छ दिसली पाहिजे. लिंबूपाणी चांगले. मीठ, पापड, लोणचे कमी करा. मटण-मासे बेताने खा. दूध बंद करू नका. जेवणातल्या कॅल्शियमने खडा वाढतो हा गैरसमज आहे. पडलेला खडा फेकू नका, तपासणीला द्या. काही प्रकारचे खडे औषधाने विरघळतात.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तो माणूस म्हणून जगण्याच्या हक्काचा लढा होता. आज वस्तीत पुरेसे पिण्याचे पाणी आणि प्रत्येक कामाच्या जागी बायांसाठी शौचालय मागणे, हे त्याच लढ्याचे पुढचे पाऊल आहे. ग्रामसभेत हा विषय मांडा. आणि ज्यांनी ‘थांबली कळ’ म्हणून सोनोग्राफी टाळली आहे, त्यांनी ती याच आठवड्यात करून घ्यावी.

जय भीम! नमो बुद्धाय!